मालदीवचा फोटो आणि जुलैतल्या महाबळेश्वरचा करार: टाइमशेअर एक्स्चेंजच्या नावाखाली कसं फसवलं जातं

टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी एक आठवडा राहण्याचा हक्क आगाऊ विकत घेणं. त्याच्या विक्रीची सुरुवात एका कूपनपासून होते. मॉलमध्ये, पेट्रोल पंपावर, ग्राहक पेठेच्या दारात कुणीतरी ते भरून घेतं. नाव, मोबाइल, वय, लग्न झालंय का, गाडी आहे का, क्रेडिट कार्ड कुठल्या बँकेचं. आठवड्याभरात फोन येतो की लकी ड्रॉमध्ये तुमचं नाव निघालंय, तीन रात्री चार दिवसांचं व्हाउचर आहे, काहीही विकत घ्यायचं नाही, फक्त दोघं जोडीने या आणि तासाभराचं प्रेझेंटेशन बघा. गोव्यात कळंगुट, बागा, कांदोळीच्या रस्त्यांवर हेच काम स्क्रॅच कार्डाने चालतं. स्कूटरवरून आलेला मुलगा पर्यटक जोडप्याला दोन कार्डं खरडायला देतो आणि त्यातलं एक हमखास लागतं.

जोडीने यायची अट कशासाठी असते, ते आधी समजून घ्या. एकटा माणूस ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून उठू शकतो. दोघं समोर बसली की ती वाट बंद होते. येताना कार्ड आणि ओळखपत्र आणायला सांगतात, तेही त्याच दिवशी पैसे घ्यायचे म्हणून.

हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये गोल टेबलं मांडलेली असतात, संगीत मोठ्याने चालू असतं, कारण शेजारच्या टेबलावरचे प्रश्न तुम्हाला ऐकू येऊ नयेत. विक्रेता कोरा ए-फोर कागद पुढ्यात ओढतो आणि विचारतो, गेल्या वर्षी फिरायला किती खर्च झाला? तुम्ही म्हणता, ऐंशी हजार. तो त्याला पंचवीसने गुणतो, महागाई वर चढवतो आणि कागदावर पन्नास-साठ लाखांचा आकडा गोल करून ठेवतो. मग लॅपटॉपवर फुकेत, बाली, मॉरिशस, मालदीव. मधूनच माइकवरून कुणाचं तरी अभिनंदन होतं, टाळ्या वाजतात. किंमत सात लाखांपासून सुरू होते, ‘मॅनेजर’ येऊन ती साडेतीनवर आणतो, पण फक्त आजच्यासाठी. सही झाली की तो ए-फोर कागद विक्रेता उचलून नेतो. ‘दरवर्षी परदेशात कुठेही’, ‘विमानाचं तिकीट आमच्याकडून’, ‘नको झालं तर आम्हीच परत घेऊ’ ही सगळी आश्वासनं त्याच कागदावर लिहिलेली असतात. छापील करारात यातलं एकही वाक्य सापडत नाही. उलट शेवटच्या पानांत एक कलम असतं, की या करारात लिहिलेल्या गोष्टींखेरीज कुठलंही तोंडी वा लेखी आश्वासन कंपनीवर बंधनकारक नाही. पुढची सगळी भांडणं या एका कलमावर अडतात. म्हणून त्या कागदाचा फोटो तिथल्या तिथे काढा. काढू देत नसतील तर उठा.

आता तुम्ही नेमकं काय विकत घेतलं ते बघू. बहुतेक वेळा ठरावीक वर्षांसाठी, ठरावीक हंगामात, ठरावीक आकाराच्या खोलीत वर्षातला एक आठवडा राहण्याचा हक्क. जमीन नाही, सदनिका नाही, सातबाऱ्यावर नाव नाही. हंगामांना रंग दिलेले असतात. रेड म्हणजे मागणीचा काळ, व्हाइट मधला, ब्लू पडता. साडेतीन लाखांत मिळतं ते बरेचदा ब्लू किंवा व्हाइटमधलं स्टुडिओ, म्हणजे महाबळेश्वरचा जुलै. डोळ्यांसमोर मात्र नाताळातला समुद्रकिनारा ठेवलेला असतो आणि या दोघांना जोडणारा पूल म्हणून ‘एक्स्चेंज’ हा शब्द वापरला जातो.

एक्स्चेंज ही खरी व्यवस्था आहे, हे आधी स्पष्ट सांगायला हवं. आठवड्यांची अदलाबदल करून देणारी आरसीआय ही कंपनी १९७४ साली अमेरिकेत इंडियानापोलिसला सुरू झाली, तशीच इंटरव्हल इंटरनॅशनल १९७६ साली. तुम्ही आपला आठवडा त्यांच्याकडे जमा करता, दुसऱ्या कुणी जमा केलेला तुम्हाला मिळतो. पण ही तिसरीच कंपनी असते. तुम्हाला सदस्यत्व विकणारी कंपनी तिच्या वतीने कुठलीही खात्री देऊ शकत नाही, आणि एक्स्चेंज कंपनीच्या स्वतःच्या अटींतही अमुक ठिकाण अमुक तारखेला मिळेलच असं कुठे लिहिलेलं नसतं. उपलब्ध असेल तर मिळेल, एवढंच.

उपलब्ध का नसतं? ज्याच्याकडे गोव्याचा डिसेंबर आहे तो स्वतःच तिथे जाऊन राहतो, जमा करत नाही. जे थोडे चांगले आठवडे जमा होतात त्यांच्यासाठी रांग असते, आणि त्या रांगेत तुमचं वजन तुम्ही जमा केलेल्या आठवड्यावरून ठरतं: हंगाम कोणता, खोली केवढी, त्या रिसॉर्टला मागणी किती, जमा किती आधी केला. आरसीआयच्या आठवड्यांच्या पद्धतीत पूर्ण वजन हवं असेल तर आठवडा सुरू होण्याच्या नऊ महिने किंवा त्याहून आधी जमा करावा लागतो. उशीर होईल तसं वजन उतरतं. जमा करण्याआधी त्या वर्षाचा मेंटेनन्स, म्हणजे रिसॉर्टच्या देखभालीचं वार्षिक शुल्क, भरलेला असावा लागतो. म्हणजे मार्चमध्ये बसून मे महिन्याच्या सुट्टीत बालीचं दोन बेडरूमचं घर मागणाऱ्या ब्लू स्टुडिओवाल्याला नकार येतो, तेव्हा संगणक बिघडलेला नसतो. व्यवस्था अशीच चालते. हे हॉलमध्ये कुणी सांगत नाही, आणि खरी फसवणूक इथेच आहे.

मिळालंच तरी वरचे खर्च वेगळे. एक्स्चेंजची वार्षिक वर्गणी पहिली दोन-तीन वर्षं बहुधा विक्रेत्या कंपनीने भरलेली असते, नंतर तुमच्या गळ्यात येते. प्रत्येक अदलाबदलीला वेगळं शुल्क. आठवडा साधारण शुक्रवार, शनिवार किंवा रविवारी सुरू होतो, आणि मुंबईहून त्याच दिवसांची विमानं महाग. मेक्सिको आणि कॅरिबियन भागातल्या बऱ्याच रिसॉर्टांत खाण्यापिण्याचं पॅकेज सक्तीचं असतं, माणशी दररोज. राहणं ‘फुकट’ पडतं आणि जेवणाचं बिल चांगल्या हॉटेलच्या खोलीएवढं होतं.

मालदीवचं तर नीट बघाच, कारण फोटो नेहमी तिथलाच असतो. एक्स्चेंजला येणारी रिसॉर्टं तिथे मुळात थोडी. दूरच्या बेटांवर सीप्लेनने जावं लागतं, त्याचं जाण्यायेण्याचं भाडं माणशी चारशे डॉलरच्या पुढे सहज जातं आणि ते एक्स्चेंजमध्ये धरलेलं नसतं. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं, त्यामुळे संध्याकाळी मालेला उतरणाऱ्यांना एक रात्र हुलहुमाले किंवा मालेत पदरच्या पैशाने काढावी लागते. रिसॉर्टवरचा ग्रीन टॅक्स जानेवारी २०२५ पासून माणशी दर रात्री १२ डॉलर आहे, चौघांच्या सहा रात्रींचे २८८ डॉलर फक्त तेवढ्यासाठी. जेवण, स्पा, बोटीच्या फेऱ्या यांवर १० टक्के सेवा शुल्क, आणि १ जुलै २०२५ पासून १७ टक्के पर्यटन जीएसटी. हे कर हॉटेलात राहणाऱ्यालाही चुकत नाहीत, पण तिथे बुकिंग करताना शेवटच्या पानावर सगळी बेरीज समोर येते. एक्स्चेंजवाल्याला ती काउंटरवर कळते.

आता हिशोब. हॉलमध्ये ते पंचवीसने गुणतात, तुम्ही रात्रीने भागा. उदाहरणासाठी सदस्यत्व ३,५०,००० रुपये धरू. १८ टक्के जीएसटी धरून ४,१३,०००. पंचवीस वर्षांत सरळ वाटले तर वर्षाला १६,५२०. पण हे पैसे आज एकरकमी जातात. तेच ७ टक्क्यांनी गुंतवून पंचवीस वर्षं समान हप्त्यांनी काढले असते तर वर्षाला सुमारे ३५,४०० रुपये हाती आले असते, त्यामुळे खरी वार्षिक किंमत ती. मेंटेनन्स १८,००० धरला तर जीएसटीसह २१,२४०. एक्स्चेंजचं शुल्क आणि वर्गणी मिळून १२,००० धरू. बेरीज सुमारे ६८,६००, सात रात्रींनी भागली की रात्रीला ९,८०० रुपये. यात जेवण नाही, विमान नाही, सक्तीचं पॅकेज नाही. शिवाय मेंटेनन्स दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढला तर बाराव्या वर्षी दुप्पट होतो. वाढीवर मर्यादा घालणारं कलम करारात आहे का, ते शोधाच. बहुतेक करारांत ‘महागाईनुसार’ एवढंच असतं. आणि एखाद्या वर्षी आजारपण, बारावी, नोकरी यांमुळे जाता आलं नाही, तर एक्स्चेंजचा खर्च सोडूनही त्या वर्षाचे ५६ हजार तसेच जातात.

रात्रीच्या त्या ९,८०० रुपयांत पंचतारांकित हॉटेल येतं का? मे महिन्याच्या सुट्टीत किंवा नाताळात गोव्यात येत नाही. जून ते सप्टेंबर गोव्यात, आणि पावसाळ्याच्या महिन्यांत फुकेतला, चांगल्या हॉटेलांचे दर इतके उतरतात की तुलना करून बघायलाच हवी. तुलना करताना कर धरा. आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे. नाश्ता धरलाय का, मुलांची जादा खाट किती, तारीख बदलता येते का, हेही बघा. सगळ्यात उपयोगी चाचणी हॉलमध्येच करता येते. विक्रेता ज्या रिसॉर्टचा फोटो दाखवतोय त्याचं नाव फोनवर घाला, पुढच्या सुट्टीच्या तारखा टाका, आणि तीच खोली बाहेर कितीला मिळते ते त्याच्यासमोर बघा. एक्स्चेंज कंपन्या स्वतःच उरलेले आठवडे रोख विकतात, आणि ते कधीकधी मेंटेनन्स अधिक एक्स्चेंज शुल्काच्या बेरजेपेक्षाही स्वस्त असतात.

एक्स्चेंज कुणाला परवडतं? ज्यांच्याकडे वडिलांच्या काळातला रेड हंगामातला मोठ्या घराचा आठवडा आहे, जे वर्षभर आधी ठरवू शकतात, तारखेचा आणि ठिकाणाचा हट्ट धरत नाहीत, आणि सहाजणांच्या कुटुंबाला स्वयंपाकघर असलेलं घर हवं आहे, त्यांना ते खरंच उपयोगी पडतं. शाळेच्या सुट्टीला बांधलेल्या चौकोनी कुटुंबाने नव्याने सदस्यत्व घेऊन एक्स्चेंजवर भिस्त ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मिळालेल्या व्हाउचरचंही ऐका. त्यावर बारीक अक्षरात दर रात्रीचं ‘युटिलिटी शुल्क’ असतं, दीड-दोन महिने आधी तीन तारखा आणि तीन ठिकाणं कळवायची असतात, सणवार आणि शनिवार-रविवार वगळलेले असतात. बहुतेक व्हाउचरं न वापरताच संपतात.

सही झालीच असेल तर पहिले काही दिवस सोन्याचे. भारतात टाइमशेअरसाठी युरोपसारखा वेगळा कायदा नाही. तिथे २००८ च्या निर्देशानुसार १४ दिवसांत कारण न देता करार मोडता येतो आणि त्या काळात आगाऊ पैसे घ्यायलाही बंदी आहे. आपल्याकडे अशी मुदत असली तर ती करारातच असते, बरेचदा दहा दिवसांची, म्हणून त्याच रात्री करार वाचा. रद्द करायचं तर फोनवर बोलू नका, कारण ‘मॅनेजर रजेवर आहेत’ म्हणत मुदत उलटवली जाते. कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने पत्र आणि त्याच दिवशी ईमेल पाठवा. पत्रात करार क्रमांक, तारीख, भरलेली रक्कम आणि ‘करार रद्द करून पूर्ण परतावा द्यावा’ एवढं पुरे. मुदत गेल्यावर अडचण वाढते, कारण रकमेचा मोठा भाग ‘प्रवेश शुल्क’ म्हणून दाखवलेला असतो आणि तो परत न मिळणारा असतो.

हप्त्यांचा धोका बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कार्डावरची रक्कम ईएमआयमध्ये बदलली किंवा वित्त कंपनीचं कर्ज काढलं, की तुमचं देणं बँकेला लागतं, रिसॉर्टला नाही. रिसॉर्टवर रागावून हप्ता थांबवला तर दंड आणि खराब झालेला क्रेडिट स्कोअर तुमच्या नावावर राहतो. पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिलेला असल्याने बँक याला कार्डचोरी मानत नाही. तरी सेवा मिळाली नाही म्हणून लेखी विवाद लगेच नोंदवा, आणि निकाल लागेपर्यंत हप्ते चालू ठेवा.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो, कंपनी दिल्लीची असो की चेन्नईची. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. करारात लवादाचं, म्हणजे वाद कोर्टाबाहेर पंचाकडेच नेण्याचं, कलम आहे म्हणून घाबरू नका. ते असलं तरी ग्राहकाला आयोगाकडे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं आहे. कंपनीच गायब झाली असेल तर पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची फिर्याद द्या. सोबत जोडायला करार, पावत्या, त्या ए-फोर कागदाचा फोटो, आणि विशेष म्हणजे नाकारलेल्या बुकिंगचे ईमेल. सुट्टी फोनवरून मागितली असेल तर त्याचा पुरावा राहत नाही, म्हणून प्रत्येक मागणी लेखी करा: तीन पर्याय, तारखा, आणि उत्तराची तारीख.

दुसरी फसवणूक पहिलीनंतर वर्ष-दोन वर्षांनी येते. ‘तुमचं सदस्यत्व घ्यायला गिऱ्हाईक तयार आहे, चार लाख देतोय, फक्त एनओसीचे पंधरा हजार भरा.’ फोन करणाऱ्याला तुमचा करार क्रमांक आणि रक्कमसुद्धा माहीत असते, कारण सदस्यांच्या याद्या बाहेर विकल्या जातात. पंधरा हजारांनंतर जीएसटी, मग हस्तांतर शुल्क, मग ‘रिझर्व्ह बँकेची परवानगी’. गिऱ्हाईक कधीच नसतं. अमेरिकेत मेक्सिकोतल्या टाइमशेअरच्या मालकांना असेच फोन करून लुटणाऱ्यांत गुन्हेगारी टोळ्या असल्याचा इशारा तिथल्या सरकारी यंत्रणांनी २०२४ साली दिला आहे, आणि अमेरिकेतल्या मराठी मंडळींपैकी ज्यांनी कॅन्कून वा पुएर्तो वायार्ताला आठवडा घेतलाय त्यांनी विशेष सावध राहावं. खरा दलाल व्यवहार झाल्यावर त्यातून कमिशन कापून घेतो, आधी मागत नाही. पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेवढ्यातच असते.