पिंपळाचं जाळीदार पान की गुलमोहराची शेंग?

पुण्यात रस्त्याकडेला फुकट मिळणाऱ्या गोष्टींतून कलाकुसर करायची तर या दोन्ही सहज हाती लागतात.

पिंपळाचं पान दोन-चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवलं की गर कुजतो आणि शिरांची जाळी उरते. अधूनमधून पाणी बदलायचं. वास येतोच, त्यामुळे भांडं गॅलरीत बरं. मग पान ताटलीत पसरून मऊ ब्रशने गर हलकेच सोडवायचा. मधली शीर दणकट असते, पण टोकाची लांब शेपटी केसासारखी नाजूक. तिथे ब्रश लावूच नका, बोटाने पाणी सोडा. वाळलेल्या जाळीवर जलरंग फार सुंदर दिसतात.

गुलमोहराची शेंग लाकडी, टणक, दीड-दोन फुटांपर्यंत लांब. पुसा, अ‍ॅक्रिलिकचे ठिपके द्या, झालं! बिया आतच ठेवल्या तर खुळखुळा होतो. लहान मुलांसोबत बसणार असाल तर शेंगच घ्या. सजवायला गुंजा मात्र चिकटवू नका, त्या विषारी असतात.

मला विचाराल तर पान. वेळ खातं, फाटतंही, पण उजेडासमोर धरलं की एकेक शीर दिसते. शेंगेत ती मजा नाही.