शिबिराची प्रथमोपचार पेटी : डबा उत्तम, आतला माल अर्धा बदलावा लागतो

शिबिराचे दिवस जवळ आले की स्काऊट-गाईड पथकांसाठी सर्रास घेतली जाते ती ही तयार पेटी. पांढरा प्लास्टिकचा डबा, झाकणावर अधिक चिन्ह, किंमत सातशे रुपयांच्या आसपास. डब्याबद्दल तक्रार नाही. झाकणाला आतून रबराची कड आहे, दोन्ही खटके घट्ट बसतात, पावसात पाणी आत जात नाही. आतला माल मात्र घरातल्या कपाटासाठी भरल्यासारखा आहे. १० ते १७ वर्षांच्या मुलांनी माळावर, अंधारात, ओल्या हातांनी काय वापरायचं, याचा विचार त्यात दिसत नाही.

कापसाची मोठी गुंडाळी आहे आणि गॉजच्या घड्या फक्त दोन. खरं तर हे प्रमाण उलटं हवं. उघड्या जखमेवर कापूस ठेवला की तंतू रक्तात चिकटून वाळतात आणि काढताना जखम पुन्हा वाहायला लागते. कापूस लागतो तो खपचीखाली (मोडलेल्या हाडाला बांधायच्या आधाराच्या पट्टीखाली) गादी म्हणून. जखमेवर निर्जंतुक गॉजच हवा, १० सेंमी चौरस, एकेक सुट्या बंद पाकिटातला, निदान बारा नग. एवढे कशाला? कारण गॉज दाबून धरायचा तो घड्याळ लावून १० मिनिटं. भिजला तरी उचलायचा नाही, वर दुसरा ठेवून दाब चालू ठेवायचा. मुलं चुकतात ती इथेच. दर अर्ध्या मिनिटाला ‘थांबलं का?’ म्हणून उचलून बघतात आणि धरत आलेली गुठळी सुटते. दोन घड्यांत एक खोल कापलेला तळवासुद्धा भागत नाही.

सर्वांत खटकणारी उणीव म्हणजे दुखरा हात गळ्यात अडकवायची त्रिकोणी पट्टी नाही. गळ्यात स्कार्फ असतोच, असं कुणी म्हणेल. पण भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या गणवेशातल्या स्कार्फच्या दोन बाजू ७० ते ८० सेंमीच्या असतात. सहावीतल्या मुलाच्या हाताला तेवढी गळझोळी पुरते. नववी-दहावीतल्या मुलाला टोकं मानेपर्यंत जेमतेम पोचतात, गाठ ओढून मारावी लागते आणि मनगट खाली लोंबतं. यावर उपाय स्वस्त आहे. एक मीटर चौरस मांजरपाट आणा, तिरका कापा, कडा दुमडून शिवा, दोन पट्ट्या तयार. गळझोळी बांधताना पट्टीचं मधलं टोक कोपराकडे, हाताचा पंजा कोपरापेक्षा किंचित वर, आणि रीफ नॉट (सपाट बसणारी गाठ) दुखऱ्या बाजूच्या गळपट्टीच्या हाडावरच्या खळग्यात. गाठ मणक्यावर आली तर मूल तासाभरात मान दुखते म्हणून झोळी काढून टाकतं. बोटांची टोकं उघडी ठेवा. नख दाबून सोडल्यावर साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. तसं झालं नाही तर बांधलेलं सैल करायचं.

पेटीत रबरी नळीही आहे, रक्त थांबवण्यासाठी. ती पहिल्याच दिवशी काढून ठेवा. साप चावला की तीच नळी दंशाच्या वर आवळली जाण्याची भीती असते. घोणस किंवा फुरसं चावल्यावर हातपाय आधीच सुजतो. त्यात आवळलं तर रक्तपुरवठा तुटून तो अवयवच धोक्यात येतो. मण्यारच्या दंशावर सूज नसली तरी ‘काही झालं नाही’ असं समजायचं नाही. मुलांना शिकवायचं ते एवढंच : कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळायचं नाही. अंगठी, कडं, घड्याळ काढा, काठीचा आधार देऊन अवयव स्थिर करा, चालवू नका, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठा.

भाजल्यावरच्या मलमाची नळी आहे. तिच्यापेक्षा पाण्याची बादली मोलाची. चुलीपाशी पोळलं तर लगेच साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. आधी मलम फासलं तर उष्णता आतच राहते आणि डॉक्टरांना ते खरवडून काढावं लागतं.

ओआरएसची दोन पाकिटं आहेत, पण लिटरभर पाण्यात घालायची मोठी. मुलं त्यातली अर्धी पेल्यात ओततात, म्हणजे मिश्रण हवं त्याच्या दुपटीहून जास्त तीव्र होतं. २०० मिलीची लहान पाकिटं घ्या. एका पेल्याला एक, हिशेबच नको.

जंतुनाशकाची बाटली ठीक, मुदत तेवढी तपासा. खरचटलेल्या गुडघ्याचं निम्म्याहून जास्त काम स्वच्छ पाण्यानं माती धुण्यातच होतं. कात्री बोथट आहे, पँटचं जाड कापड तिला कापत नाही. वेदनाशामक गोळ्या पेटीत नकोतच, त्या पथकप्रमुखांकडे पालकांच्या चिठ्ठीसह असाव्यात. हातमोज्यांची एकच जोडी आहे, चार करा.

सूचनापत्रक पूर्ण इंग्रजीत आहे आणि घोळणा फुटल्यावर डोकं मागे करायला सांगतं. चूक आहे हे. रक्त घशात उतरतं आणि उलटी होते. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग १० मिनिटं चिमटीत धरायचा, श्वास तोंडानं. ते पत्रक फाडून झाकणाच्या आत जाड कागदावर ठळक मराठीत एवढं चिकटवा : १०८, शिबिरस्थळाचं गाव आणि तालुका, जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा फोन. घाबरलेल्या मुलाला रुग्णवाहिकेला पत्ता सांगताना नेमकं गावाचं नाव आठवत नाही.