मॉन्स्टर मॅन्युअलमधले डीमन: मारले तरी उरतात

फोंड्याच्या आमच्या ग्रुपात डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा, मीच असतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून पात्रं बनून खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचं २०१४ चं राक्षसांचं पुस्तक, 'मॉन्स्टर मॅन्युअल', घ्यावं ते डीमन या दुष्ट राक्षसांच्या पानांसाठी, असं माझं ठाम मत आहे. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून 'डीमन' हे नावच काढून टाकलं होतं. पुन्हा आलं हे फार बरं झालं.

डीमन अबिसच्या, म्हणजे त्याच्या पाताळाच्या, बाहेर मेला तर त्याच्या देहाचा घाणेरडा चिकटा होतो आणि तो अबिसमध्ये पुन्हा उभा राहतो. या एका नियमावर माझा जीव आहे. आमच्या गोव्यात दिवाळीच्या पहाटे जाळलेला नरकासुराचा पुतळा पुढच्या दिवाळीला वाड्यावाड्यावर पुन्हा उभा राहतोच ना, तसंच. त्यामुळे नुसते हिट पॉइंट, म्हणजे त्याच्या जिवाचे गुण, संपवून भागत नाही. याला बोलावला कोणी आणि कशासाठी, ते शोधावंच लागतं.

व्रॉक हा डीमन घ्या. गिधाडाच्या तोंडाचा, अंगातून १५ फुटांपर्यंत बीजाणू उडवणारा. ते लागले की दर फेरीला विष भिनत राहतं, पण पवित्र पाण्याची एक कुपी अंगावर ओतली की थांबतं. आमच्याकडे शेवटची कुपी उरली होती. तेच पाणी डीमनवर फेकलं तर त्यालाही भाजतं. आता व्रॉकवर फेकायची की तडफडणाऱ्या सोबत्यावर ओतायची? टेबलाभोवती सगळे उभे राहून भांडले. क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीने मंत्र चालवणारं पात्र, खेळणाऱ्या माझ्या मावसबहिणीने कोणाचं न ऐकता ती सोबत्यावर ओतली. असा प्रसंग गॉब्लिनसारख्या किरकोळ राक्षसाकडून मिळत नाही.

ग्लॅब्रेझू या दुसऱ्या डीमनला तर मी लढाईत उतरवलंच नाही. नांग्यांचे दोन हात मागे धरून तो कर्जात बुडालेल्या भाटकाराला (जमीनदाराला) म्हणाला, "माग काय हवं ते." खेळाडूंची अर्धी पार्टीच सौदा करायला पुढे सरकली!

तक्रार एकच: मंत्रांची नुसती नावं दिलीत, ते काय करतात हे पाहायला ऐन लढाईत 'प्लेयर्स हँडबुक' हे खेळाडूंचं नियमांचं पुस्तक उघडावं लागतं. मी आधीच कागदावर उतरवून ठेवतो.

बेलॉर हा फार ताकदवान डीमन लवकर आणू नका. मरताना तो फुटतो आणि ३० फुटांतल्या सगळ्यांना किती मार बसणार ते ठरवायला सहा बाजूंचे २० फासे पडतात. पात्रं पाचव्या-सहाव्या लेव्हलला असताना एक व्रॉक पुरे, मात्र जादूचं एखादं शस्त्र आधी सापडू द्या. साध्या तलवारीचा त्याला निम्माच मार बसतो आणि लढाई उगाच रेंगाळते.