आईची शुगर, बंगळुरूचं क्लिनिक आणि एकादशी

आई पंढरपूरकडची, कन्नड-इंग्रजीचा गंध नाही. आमच्या घराजवळच्या मधुमेह क्लिनिकात पहिल्या भेटीला तिच्या हातात इंग्रजी तक्ता ठेवला: ओट्स, ब्राऊन ब्रेड. घरी आल्यावर तो फ्रिजवर चिकटवला आणि ती ज्वारीच्या तीन भाकऱ्या खाऊन मोकळी!

दुसऱ्या खेपेला समुपदेशक ताई भेटल्या, बेळगावच्या. त्यांनी थेट मराठीत विचारलं, "मावशी, एकादशीला काय खाता?" तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, हे आईला तेव्हा कळलं. आता दाण्याच्या आमटीबरोबर मोजून वाटीभर भगर. उपवासाच्या आदल्या दिवशी फोन करून गोळीचं विचारायचं. घाम सुटला, हात थरथरले, म्हणजे शुगर फार उतरली, की उपवास बाजूला ठेवून तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. "विठोबा रागावणार नाही," हे ताईंनीच सांगितलं, मी सांगून आईने ऐकलं नसतं. बोट टोचायचं ते टोकाला नाही, कडेला, हेही तिच्याकडून दोनदा करून घेतलं.

क्लिनिकच्या रेटिंगमधला एक तारा कापतेय: दीड तास ताटकळावं लागतं, आणि ताई फक्त गुरुवारी असतात.