सहा डेसिबलची फसवणूक

मंगळवार पेठेतल्या आमच्या भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण मी गेल्या वर्षी आठ ट्रॅकवर केले होते. मुख्य गायकाचा आवाज, पेटी आणि पखवाज यांचा प्रत्येकी एक ट्रॅक, टाळांचे दोन आणि मागे धरणाऱ्यांचे तीन. हे सगळे एकमेकांवर न चढता नीट ऐकू यावे, म्हणजेच मिक्सिंग शिकावे, एवढ्याच हेतूने मी राजारामपुरीतल्या एका प्रशिक्षण वर्गात नाव घातले आणि 28,000 रुपये घालवून बसलो. घरी एक माइक आणि लॅपटॉप घेऊन हे काम शिकू पाहणारे अनेक जण कोल्हापुरात आहेत. त्यांच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

प्रवेशाच्या दिवशी वर्गचालकांनी प्रथम शहराच्या परंपरेचा दाखला दिला. मराठीतला पहिला बोलपट 1932 साली प्रभातने याच कोल्हापुरात तयार केला, मग इथल्या माणसाने ध्वनीच्या कामासाठी पुण्या-मुंबईकडे का पाहावे, असे ते म्हणाले. माहिती खरी होती आणि ती ऐकून माझा ऊर भरून आला. त्यानंतर त्यांनी मला हेडफोन लावून एकाच गाण्याचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन तुकडे ऐकवले. दुसरा तुकडा भरदार, जवळचा आणि झळाळीचा वाटला. मी तिथल्या तिथे पैसे भरले: 18,000 शिकवणीचे आणि 10,000 ‘मूळ परवाना व प्लगइन संच’, म्हणजे सॉफ्टवेअर वापरण्याची परवानगी आणि त्याला जोडायची आवाज घडवणारी छोटी साधने, यांचे. त्यांपैकी 8,000 रोख दिले आणि त्याची पावती मागितली नाही, ही माझी चूक.

लॅपटॉपवर त्यांनी रीपर हे ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंगचे सॉफ्टवेअर घालून दिले. शिकवणी म्हणजे एक तयार साचा होता. त्यात आपले ट्रॅक ओढून टाकायचे आणि गाणे बाहेर काढायचे. पखवाजाच्या धुमाला आणि पेटीच्या खालच्या सुरांना कंपनांच्या एकाच पट्ट्यात जागा कशी करून द्यायची, कोणता टाळ डावीकडे आणि कोणता उजवीकडे ठेवायचा, असे विचारले की ‘ते पुढच्या भागात’ असे उत्तर मिळे. दोन महिने उलटल्यावर सॉफ्टवेअर उघडताना चाचणीचा 60 दिवसांचा काळ संपल्याची खिडकी दिसू लागली. मी फोन केला तेव्हा वर्गचालक म्हणाले, “काका, ती नेहमीची सूचना आहे, काही सेकंद थांबा आणि पुढे जा.”

नाटकांची ध्वनिव्यवस्था सांभाळणारे माझे एक स्नेही आहेत. त्यांनी लॅपटॉप पाहिला आणि सगळे उलगडले. रीपर कोणालाही 60 दिवस पूर्ण क्षमतेने विनाशुल्क वापरता येते आणि त्यानंतर वैयक्तिक वापराचा सवलतीचा परवाना 60 डॉलरला निर्मात्यांकडूनच मिळतो. माझ्या नावाने असा परवाना कधी घेतलाच नव्हता. ज्या प्लगइन संचाचे पैसे घेतले, ते रिया-ईक्यू आणि रिया-कॉम्प त्या सॉफ्टवेअरसोबत आपोआप येतात.

त्याहून मोठी फसवणूक त्या दोन तुकड्यांची होती. ते माझ्याकडे शिकवणीच्या फाइलींत होते. स्नेह्यांनी ‘नंतर’चा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी, सहा डेसिबलने खाली आणला, दोन्ही आवाज सारख्या पातळीवर ठेवले आणि मला डोळे मिटून ऐकायला सांगितले. आता ‘आधी’चाच तुकडा मोकळा आणि जिवंत वाटत होता. आवाज मोठा असला की कानाला खर्ज आणि तारस्वर अधिक भरून ऐकू येतात. हा कानाचा स्वभाव फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 साली मोजमापांसह मांडला होता. वर्गात मात्र याच स्वभावाचा वापर गिऱ्हाईक गाठण्यासाठी झाला. मग स्नेह्यांनी साच्यातून निघालेल्या आमच्या भजनाचा आलेख मोठा करून दाखवला. मूळ ट्रॅकवर पखवाजाच्या प्रत्येक थापेला वेगळे टोक होते. इथे लिमिटरने, म्हणजे ठरावीक पातळीच्या वरचा आवाज रोखणाऱ्या साधनाने, सगळी टोके एका पातळीत छाटली होती, मेंदीचे कुंपण कात्रीने छाटतात तशी. ज्या थापेवर अभंग उभा राहतो तीच नाहीशी झालेली पाहून मला पैसे गेल्यापेक्षा जास्त वाईट वाटले. सुदैवाने अशा सॉफ्टवेअरमध्ये मूळ ध्वनिमुद्रणाला धक्का लागत नाही, म्हणून आठही ट्रॅक शाबूत आहेत आणि आता मी ते साच्याशिवाय, फक्त फेडर आणि आवाज डावी-उजवीकडे ठेवणारा पॅन वापरून पहिल्यापासून बांधत आहे.

म्हणून कोणी ‘आधी-नंतर’ ऐकवले तर दोन्ही तुकडे सारख्या पातळीवर लावायला सांगावे. टाळाटाळ झाली तर तिथून उठावे. परवान्याचे पैसे वर्गाच्या हाती देऊ नयेत. तो स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नावाने घ्यावा. नुसते शिकायचे असेल तर ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहे.

मी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे आणि वर्गाला रजिस्टर पोस्टाने नोटीस धाडली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. माझ्याकडे यूपीआयने दिलेल्या 20,000 रुपयांचा पुरावा आहे, रोख 8,000 रुपयांचा नाही. नोटिशीला अजून उत्तर आलेले नाही.