एच.एस.एस. म्हणून गळ्यात मारलेल्या पटाश्या

पोळा जवळ आला की आमच्या घरच्या खरादाला, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्राला, उसंत नसते. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल, त्यांची चाकं, मधेच कोणाच्या पाळण्याचे खांब. त्याच घाईत आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आठवडी बाजारात एकजण गाडीवर ग्राइंडर लावून बसलेला दिसला. लाकूड कातायच्या तीन गोल, पन्हळीसारख्या पटाश्या, प्रत्येकीवर 'एच.एस.एस.' म्हणजे हायस्पीड स्टील असं ठोकलेलं, २,१०० रुपये. वर एका जुन्या पटाशीला 'कंपनी धार' फुकट.

मी बाबांची पटाशी पुढे केली. ते अजून खुपतं.

साध्या पोलादाची होती, पण बाबांनी वर्षानुवर्षं सहाणेवर घासून तिचं तोंड नखासारखं केलं होतं. मधे गोलाई, दोन्ही कडा हळूच मागे नेलेल्या, कुठे टोक नाही की खळगा नाही. ढाळ, म्हणजे धारेमागचा उतार, एकसलग. असा ढाळ आधी फिरत्या लाकडावर टेकवायचा, मग मूठ जराशी उचलायची, की लांब छिलका निघतो.

त्या माणसाने ती कोरड्या चाकावर दाबून धरली. तोंड भाल्यासारखं टोकदार झालं, कडांचे कोपरे उभे राहिले, ढाळावर तीन-चार पैलू पडले. धार निळी पडताना मी बघितली आणि टोकलं. "काई नाई होत ना भाऊ, हायस्पीडचं असंच असते," म्हणाला, आणि बफवर, म्हणजे चकाकी आणायच्या कापडी चाकावर, घासून निळा रंग पुसून टाकला.

त्याने सांगितलं ते खऱ्या हायस्पीड पोलादाला लागू आहे. ते निळं पडलं म्हणून त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरत नाही. साध्या कार्बन पोलादाचं उतरतं. निळा रंग ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास येतो, आणि तेवढ्यात धार मऊ पडलेली असते. बाबांची पटाशी साध्या पोलादाची आहे हे त्याला मी स्वतःच सांगितलं होतं.

घरी सागाचा ठोकळा चढवला. पटाशीचा कोपरा रुतला आणि ठोकळा उडून भिंतीवर आदळला. माझा मुलगा तिथून हातभर अंतरावर उभा होता.

नव्या तिन्ही पटाश्या बैलांची दोन-दोन चाकं कातताच बोथट झाल्या. धार उजेडात धरली की पांढरी रेघ चमकायची. शेवटी गावातल्या वेल्डिंगवाल्याच्या ग्राइंडरवर एक टेकवली. पिवळ्या-पांढऱ्या ठिणग्या फुलझडीसारख्या फुटत उडाल्या. शेजारी हायस्पीडचा जुना ड्रिल बिट धरला तर ठिणग्या मोजक्या, लालसर, न फुटणाऱ्या. तिन्ही पटाश्या साध्या पोलादाच्या निघाल्या.

म्हणून पैसे देण्याआधी विकणाऱ्याच्याच ग्राइंडरवर पटाशी टेकवून ठिणग्या बघा. तो नाही म्हणाला तर उठून या. धार लावून दिलेली पटाशी घेताना पन्हळीच्या आत डोकवा. बफ तिथपर्यंत नीट पोचत नाही, आत निळी रेघ राहते. आणि आपली चालती पटाशी अनोळखी माणसाच्या चाकावर देऊ नका, फुकट असली तरी.

बाबांची पटाशी निळ्याच्या मागे जाईपर्यंत घासावी लागली, घडीघडी पाण्यात बुडवत. पाऊण इंच गेली. नखाचा आकार परत यायला दोन संध्याकाळी लागल्या.

पुढच्या बाजाराला गेलो तेव्हा तो नव्हता. पोळ्याला अजून अकरा दिवस आहेत, दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या बाजारात बसला असेल.