गंगापूर रोडचा ॲनिमल सेल कल्चर विकेंड कोर्स: हात बसतो, ‘ॲडव्हान्स्ड’ मात्र फ्लायरवरच

हा कोर्स कसा आहे असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर टाकतो. नाशिकला गंगापूर रोडच्या पट्ट्यात शनिवार-रविवार चालणारा ॲनिमल सेल कल्चरचा, म्हणजे प्राण्या-माणसांच्या सेल शरीराबाहेर वाढवण्याचा कोर्स आहे, नाव देत नाही कारण तक्रारी पण लिहिणारे. मी सातपूरला फार्मा कंपनीत क्यूसी मायक्रोला (क्वालिटी कंट्रोलची मायक्रोबायोलॉजी) आहे, म्हणजे बॅक्टेरिया, फंगस, प्लेटवरच्या कॉलनी मोजणं हे रोजचंच, पण जिवंत मॅमेलियन सेल कधी हाताळल्या नव्हत्या आणि पुण्याच्या बायोसिमिलरवाल्यांच्या (जिवंत सेलमधून बनणाऱ्या औषधांच्या कॉप्या काढणाऱ्या कंपन्या) जाहिरातीत दर वेळी सेल कल्चरचा अनुभव मागतात. फी पाच आकडी. माझं मत विचाराल तर हात बसवायला कोर्स चांगला आहे, फ्लायरवर छापलेल्या मोठमोठ्या शब्दांसाठी जाणार असाल तर पैसे वाचवा.

आधी चांगलं सांगतो. शिकवणाऱ्या मॅडम जबरदस्त आहेत. पहिला अख्खा दिवस सेल दाखवल्याच नाहीत, फक्त हूडमध्ये (स्वच्छ हवेचं काम करायचं कपाट) रिकामी बाटली, पिपेट आणि पाणी, त्यावरच प्रॅक्टिस, आणि उघड्या बाटलीवरून हात गेला की लगेच टोकायच्या. आमच्या बॅचला पिंपळगावकडचा एक मुलगा होता, डाळिंबाच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये काम केलेला, त्याचा हात आमच्या सगळ्यांपेक्षा साफ, पण त्याला सवय बर्नर पेटवून काम करायची. मॅडमनी त्याला नीट समजावलं की रोपांच्या लॅमिनारमध्ये हवा तुमच्या तोंडावर येते, त्यात रोप वाचतं, पण माणसाच्या सेल असल्या तर त्यातलं काही असेल ते सरळ तुमच्या नाकात. बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये हवा वरून खाली येते आणि पुढच्या जाळीतून ओढली जाते, त्यामुळे जाळीवर वही ठेवली की संरक्षण गेलं, आणि आत ज्योत पेटवली की तो हवेचा पडदाच विस्कटतो. मी इतकी वर्षं एलएएफवर, म्हणजे लॅमिनारवर बसतोय पण हे असं ‘का’ सकट कुणी सांगितलं नव्हतं.

मग पॅसेजिंग, म्हणजे वाढलेल्या सेल सोडवून नव्या फ्लास्कमध्ये टाकणं. हेला नावाच्या माणसाच्या कॅन्सर सेल दिल्या होत्या, डीएमईएम मीडिया (सेलचं पोषणद्रव), १० टक्के सिरम, ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. मीडियात फिनॉल रेड असतो, सेल वाढल्या आणि ॲसिड सोडलं की लाल रंग नारिंगी आणि मग पिवळा होतो, म्हणजे इनक्युबेटर उघडल्या उघडल्या कळतं की कोण उपाशी आहे. फ्लास्कला चिकटलेल्या सेल सोडवायला ट्रिप्सिन हे प्रोटीन तोडणारं एन्झाइम टाकायचं आणि खरी परीक्षा इथे, कमी वेळ ठेवलं तर चिकटलेल्याच राहतात, जास्त ठेवलं तर सेलच्या बाहेरची प्रोटीन खाऊन टाकतं, दूध उतू जायच्या आत गॅस बंद करायचा तसं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसावं लागतं, सेल गोल झाल्या की लगेच सिरमवाला मीडिया टाकून थांबवायचं कारण सिरममध्ये ट्रिप्सिनला रोखणारे घटक असतात. नंतर ट्रायपॅन ब्लू टाकून चेंबरवर मोजणी, मेलेल्या निळ्या, जिवंत पांढऱ्या. हे प्रत्येकाने स्वतः केलं.

हेला कुणाच्या हे पण मॅडमनी सांगितलं, स्लाइडवर नव्हतं. हेन्रिएटा लॅक्स, बाल्टिमोरची बाई, १९५१ मध्ये सर्व्हायकल कॅन्सरने गेली, तिला न विचारता घेतलेल्या सेल आजही जगभर वाढतायत. आणि या सेल इतक्या दांडग्या की दुसऱ्यांच्या फ्लास्कमध्ये शिरून मूळच्या सेल संपवतात, १९६६ मध्येच उघड झालं होतं की वेगवेगळ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी सेल लाइन (पिढ्यानपिढ्या लॅबमध्ये वाढवलेल्या सेल) प्रत्यक्षात हेलाच आहेत. म्हणून सेल लाइन घ्यायची तर पुण्याच्या एनसीसीएस या सरकारी संस्थेसारख्या रिपॉझिटरीतून (सेलची बँक) कागदपत्रांसह घ्या, कुणाच्या तरी लॅबमधून मैत्रीखात्यात आणू नका.

कंटॅमिनेशनवर मात्र मला कमी पडलं. आमच्यातला एक फ्लास्क एका रात्रीत ढगाळ झाला, बॅक्टेरिया, ते कुणालाही दिसतं. पण खरा चोर मायकोप्लाझ्मा, एक अगदी बारीक बॅक्टेरिया, त्याला सेल वॉलच नाही म्हणून पेनिसिलिन लागू पडत नाही, मीडिया ढगाळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपला दिसत नाही, आणि सेल वाढत राहतात पण रिझल्ट सगळे खोटे. त्याची टेस्ट पीसीआरने किंवा डीएनएच्या डायने करतात, ती इथे नुसती तोंडी सांगितली. क्यूसीवाल्याला हीच तर पाहिजे होती राव!

आता ‘ॲडव्हान्स्ड’ची गंमत. फ्लायरवर बायोरिॲक्टर (सेल वाढवायची मोठी टाकी), ऑर्गनॉइड (सेलपासून वाढवलेला अवयवाचा छोटा नमुना), कार-टी सेल थेरपी (कॅन्सरवरची ट्रीटमेंट) सगळं होतं. बायोरिॲक्टर म्हणजे एका स्लाइडवरचा फोटो. मला यात सगळ्यात मोठी अडचण वाटते ती अशी की इंडस्ट्रीत जे चालतं ते फ्लास्कला चिकटलेल्या हेलासारखं नाहीच. अँटिबॉडी औषधं बहुतेक चो सेलमध्ये, म्हणजे चायनीज हॅमस्टरच्या ओव्हरीच्या सेल, त्या तरंगत वाढवलेल्या, हजारो लिटरच्या टाकीत आणि सिरमशिवाय, कारण सिरम वासराच्या गर्भाच्या रक्तातून येतं, दर लॉट वेगळा आणि व्हायरसची भीती वेगळी. ऐंशीच्या दशकात लिटरला मिलिग्रॅममध्ये प्रोटीन मिळायचं ते आता काही ग्रॅमवर गेलंय, आणि ते मुख्यतः चांगला क्लोन (एकाच सेलपासून वाढलेला गट) निवडून, मीडिया सुधारून आणि सेलला मध्येमध्ये फीड देऊन. चो सेलमधलं टीपीए हे हार्ट ॲटॅकचं औषध १९८७ लाच अमेरिकेत मंजूर झालं होतं, मग आज एका छोट्या शेकर फ्लास्कमध्ये तरी सस्पेन्शन कल्चर, म्हणजे तरंगत्या सेल, दाखवायला काय हरकत होती?

कार-टीच्या स्लाइड तर शिळ्याच. त्यात लिहिलेलं की ही ट्रीटमेंट परदेशातच मिळते. अहो, आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलमधून निघालेली नेक्सकार१९ ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजूर झाली, पेशंटच्याच टी सेल काढून, बदलून, वाढवून परत देतात, आणि किंमत अमेरिकेपेक्षा कितीतरी कमी. मुंबई इथून चार तासांवर, तिथे झालेलं काम पण स्लाइडवर नसेल तर कसं व्हायचं. मी हे बोललो तेव्हा को-ऑर्डिनेटर म्हणाले, “सर, पुढच्या बॅचला अपडेट करतो.” बघू.

तरी त्याच थिअरीच्या सेशनला दोन गोष्टी कामाच्या मिळाल्या. एक, कोविडच्या लशींचं उदाहरण: कोव्हॅक्सिनचा व्हायरस व्हेरो सेलमध्ये म्हणजे आफ्रिकन माकडाच्या किडनीच्या सेलमध्ये वाढवलेला, आणि कोविशिल्डचा एचईके-२९३ मध्ये, म्हणजे माणसाच्या गर्भाच्या किडनीपासून निघालेल्या सेलमध्ये. दुसरी, एमटीटी टेस्ट, ही प्रत्यक्ष केली, पिवळा डाय जिवंत सेल जांभळा करतात, जेवढा जांभळा तेवढ्या चालू सेल. भारताने २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमांत ऑर्गनॉइड आणि ऑर्गन-ऑन-चिप (चिपवर सेल वाढवून केलेली अवयवाची नक्कल) यांसारख्या चाचण्या प्राण्यांऐवजी किंवा त्यांच्या जोडीने धरायची सोय केली, त्यामुळे प्लेटवरच्या टेस्टवाल्यांना पुढे काम मिळेल असं माझं मत.

फ्रीझिंग पण घाईत उरकलं. डीएमएसओ (गोठताना सेल वाचवणारं केमिकल) घालून मिनिटाला साधारण एक अंश या वेगाने थंड करायचं, मग लिक्विड नायट्रोजन, आणि काढताना मात्र झटपट ३७ अंशाला. टाकी दुरून दाखवली, गोठवलेल्या सेलची वायल (छोटी कुपी) काढून परत वाढवणं केलंच नाही.

एमएससीवाले, ज्यांच्या कॉलेजात हूड आहे पण हात लावू देत नाहीत, त्यांनी जरूर करा. नोकरी बदलायची म्हणून येताय तर सर्टिफिकेटवर विसंबू नका, आपली नोंदवही, काउंट, फोटो नीट ठेवा, इंटरव्ह्यूला तेच विचारतात. फी भरायच्या आधी फोन करून एका हूडला माणसं किती, मायकोप्लाझ्माची टेस्ट करून घेणार का, फ्रोझन वायल स्वतः उघडायला मिळेल का एवढं विचारा, आमच्या बॅचला एकच हूड होता आणि निम्मा वेळ खुर्चीत गेला. प्लेसमेंटचं जे बोलतात ते सोडून द्या. आणि खाली पार्किंग नाही, टू व्हीलरच न्या.